रेतीवालीची शेजारीण

"मास्तर, पाय उचला!"

पारबताबाई माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. मी उजवा पाय उचलला.

"तो नाई, दुसरा! अन् उचलला तं खाली टेकवू नका. तसेच राहा."

वैनगंगेच्या कोरड्या पात्रात, चैत्रातल्या सकाळी, जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्षक, गळ्यात नवी कोरी दुर्बीण, एका पायावर उभा. समोरून सत्तरीला टेकलेली एक काटक बाई कमरेवर घागर घेऊन तरातरा चालत आली, दोन हातांवर थांबली आणि घागर खाली न ठेवताच म्हणाली, "आता खाली पाहा." मी पाहिलं. गोटे दिसले. "अजून पाहा." अजून गोटे दिसले. माझा तोल जायला लागला होता. मग तिनं पायाचा अंगठा हवेतच वळवून दाखवला, आणि त्या गोट्यांमधले चार गोटे एकदम अंडी झाले. रेतीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके, निमुळती टोकं आत वळवून बशीएवढ्या खळग्यात नीट मांडलेली. माझ्या चपलेपासून चार बोटांवर.

"डोळ्याले दुर्बीन लावून आभाळ पाह्यता, अन् पायाखाली कोन हाय ते दिसत नाई," ती म्हणाली. "या आता मागं. आले तसेच, आपल्याच पावलावर पाय ठेवून."

मी आलो. खरं सांगतो, शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोरही मी इतका मुकाट कधी वागलो नव्हतो.

गावाचं नाव मी सांगणार नाही. कोणी कितीही विचारलं तरी नाही. नदीच्या एका काठाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या काठाला गडचिरोली, आणि उन्हाळ्यात मधे पसरलेली रेती, एवढा पत्ता पुरे. नाव का सांगत नाही याचं कारण पुढे येईल, आणि त्यात लाज माझीच आहे.

मी मूळचा भद्रावतीचा. वडील कारखान्यात, आम्ही कॉलनीत वाढलो. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. नियम, रांग, अर्ज आणि अर्जाची पोच यांवर माझा लहानपणापासून गाढ विश्वास. बदली होऊन या गावात आलो तेव्हा बायको-मुलं चंद्रपुरात, इथे संध्याकाळ खायला उठायची. म्हणून पक्ष्यांचं एक पुस्तक आणि ती दुर्बीण घेतली. वाघ बघायला मोहर्लीला जगभरातून लोक येतात. आपण आपले पक्षी बघू, त्याला फाटकावर तिकीट लागत नाही, असा साधा विचार. नदीवर फाटक नव्हतं हे खरं. पण नदीवर पारबताबाई होती.

ती ढिवर टोलीतली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. पावसाळ्यात टोलीचे लोक मासे धरतात, आणि दिवाळीनंतर नदी उतरली की पात्रातच वाडी लावतात. वाडी म्हणजे टरबुजाची आणि डांगराची. तुमच्याकडे ज्याला खरबूज म्हणतात ते आमच्याकडे डांगर. पौष-माघात सगळी टोली रेतीवर जमते. दहा हाती बांबूनं रेती मोजतात, घरागणिक पट्टे पाडतात आणि चिठ्ठ्या टाकतात. मग ओल लागेपर्यंत रेतीत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचं, बी टाकायचं आणि वेल रांगू लागेपर्यंत एकेका खड्ड्याला घागरीनं पाणी द्यायचं. पाण्याजवळचा पट्टा मिळाला की माणूस खूश. सगळ्यात शेवटचा, गोट्यांच्या अंगाचा पट्टा कोणालाच नको असतो, कारण घागर तिथवर वाहून नेताना कंबर मोडते. तो पट्टा पारबताबाई चिठ्ठी न टाकताच मागून घ्यायची. नवरा गेल्यापासून एकटी होती, मुलगी मुलचेऱ्याकडे दिलेली, तरी दरवर्षी तोच पट्टा. आणि त्या पट्ट्यातलाही गोट्यांकडचा, दोन खोल्यांचं घर उभं राहील एवढा तुकडा ती मोकळाच सोडायची. तिथे खड्डा नाही, वेल नाही, तिचं स्वतःचं पाऊलही नाही.

"काऊन सोडता बाई एवढी जागा?" मी एकदा तिच्याच बोलीत विचारलं.

"मी कोन सोडनारी? ते तिचं घर हाय," ती म्हणाली. "माझी सासू सांगे, पहिले रेतीवाली, मंग वाडी. ती फागुनात येते, पर येनार तं हाय ना? कोनी गावाले गेलं म्हनून त्याच्या घरात वांगे लावतं का कोनी?"

रेतीवाली म्हणजे तो पक्षी. मी पुस्तक उघडून तिला त्याचं चित्र दाखवलं. चिमणीपेक्षा जरासा मोठा, पाठ रेतीच्या रंगाची, पोट पांढरं, गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळं धमक कडं. नाव वाचून दाखवलं, कंठेरी चिखल्या.

"चिखल्या?" बाईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं केलं. "कोन्या येड्यानं लेहलं हे? एवढी साफसुथरी बाई, पाय पाहा तिचे कसे धुतल्यावानी, अन् तिले चिखल्या म्हनते! माझ्या वाडीत हे नाव घेऊ नका."

त्या दिवसापासून मीही रेतीवालीच म्हणतो. शास्त्रज्ञांनी मला माफ करावं किंवा करू नये, मला फरक पडत नाही.

पुढची दोन वर्षं मी जे काही शिकलो ते पारबताबाईच्या मांडवात बसून. पळसाच्या डहाळ्यांचा तो मांडव, त्यात एक माठ, एक चटई आणि फोडलेलं टरबूज. तिथून ती बोट न दाखवता दाखवायची. बोट दाखवायचं नाही हा तिचा कडक नियम, कारण कावळा बोटाकडे पाहतो म्हणे. "तुमच्या डाव्या खांद्याच्या सिधीत, तिसऱ्या वेलाच्या मागं," असं सांगायची. तिथे खरंच रेतीवाली असायची. तुरुतुरु पळायची, एकदम थांबायची, काहीतरी टिपायची, पुन्हा पळायची. थांबली की दिसेनाशी व्हायची. नजरेसमोर असून दिसायची नाही. मी दुर्बीण लावून शोधत बसायचो आणि बाई माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायची.

वैशाखाच्या तोंडावर रेती अशी तापते की अनवाणी पाऊल टाकवत नाही. तशा उन्हात ती एवढीशी रेतीवाली अंड्यांवर उभी राहायची. बसायची नाही, पंख जरा पसरून अंड्यांवर सावली धरून उभी. मधेच पाण्याकडे धावायची, पोट भिजवायची आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर टेकायची. मी म्हटलं, बाई, पुस्तकात आहे हे, अंडी थंड ठेवायची युक्ती आहे ती.

"पुस्तकात हाय तं हाय. मी घागरीनं पानी आनतो, ते पोटानं आनते. काम एकच," ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःला 'मी आणतो, मी जातो' असंच म्हणतात. पारबताबाईच्या तोंडी ते मला फार शोभून दिसायचं.

पण खरी फजिती झाली ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत. मी बेसावध चाललो होतो, तर पायापासून थोड्या अंतरावर एक रेतीवाली फडफडत पडलेली दिसली. एक पंख पसरून रेतीत घासतोय, शेपटी फिस्कारलेली, केविलवाणं ओरडणं चाललेलं. पंख मोडला बिचारीचा! मी धावलो. ती फरफटत पुढे गेली. मी आणखी धावलो, ती आणखी फरफटली. आता हाताशी येईल असं वाटायचं आणि ती हातभर पुढे. असं तिनं मला पार नदीच्या धारेपर्यंत नेलं, मग पंख झटकले आणि "पिऊ" म्हणून मस्तपैकी उडून गेली. मी घामाघूम. मागून पारबताबाईचं हसणं रेतीवरून येत होतं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

"एवढे शिकले तुमी, अन् एका पाखरानं तुमाले धारेलोक पळवलं! पंख मोडला नाई मास्तर. तिच्या अंड्याजवळून चालले होते तुमी, म्हनून लंगडली ते." मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "पर एक गोष्ट पाह्यली का? ते घडीघडी मागं पाहे, तुमी येऊन राह्यले का नाई म्हनून. अंड्याकडं मातर एकदाही नाई पाह्यलं. जीव तिथी अडकला होता, तरी नाई पाह्यलं. असं पायजे."

हे मी वहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बाईचं सगळ्यांशीच असं होतं. तिला घाबरवायला आलेला माणूस स्वतःच घाबरून जायचा. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, म्हणून कुठलाही कर्मचारी आला की "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून मोकळा. एकदा तसं म्हणणाऱ्या एकाला तिनं रेतीवर काठीनं रेघ मारून दिली आणि म्हणाली, "हे तुमची हद्द. आता त्या पाखराले सांगा, का बा पलीकडं नको जाऊ." तो बिचारा टरबूज न घेताच गेला.

मग रेतीचे ट्रॅक्टर आले.

नदीच्या खालच्या अंगाला रेतीचा घाट एका ठेकेदाराला मिळाला होता. हत्तीगोटा नावाचा एक मोठा खडक आहे, त्याच्या पलीकडे लाल झेंड्या रोवून हद्द आखून दिलेली. त्यानं तिथली रेती न्यावी, कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण तिकडे उतरायला लांबून वळसा होता आणि वाडीच्या बाजूनं सरळ उतार. ठेकेदाराच्या लोकांनी ठरवलं, वाट इकडूनच काढायची. पारबताबाईच्या पट्ट्यातून, गोट्यांवरून. एकदा दोन ट्रॅक्टर उतरले आणि वेलांच्या चार ओळी चाकाखाली गेल्या. त्या वर्षी मोकळ्या तुकड्यात रेतीवालीची तीन घरटी होती. चाकं त्यांच्यापासून काठीभर अंतरावरून गेली.

मी काय केलं? अर्ज केला. सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत, पोच घेऊन. बाईला पोच दाखवली.

"हे का ट्रॅक्टरच्या पुढं धरू?" तिनं विचारलं.

मी रागावलो. मनात म्हटलं, हिला कायदा कळत नाही, आपणच काहीतरी केलं पाहिजे. आणि मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. शाळेतून चुना आणला. एका दुपारी बाई जेवायला टोलीत गेली असताना तिन्ही घरट्यांभोवती चुन्यानं रंगवलेल्या दगडांचं कडं केलं, प्रत्येक कड्याशी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली. ड्रायव्हरला लांबून दिसावं, त्यानं चाक वळवावं! कॉलनीतल्या पोराला दुसरं काय सुचणार? धोक्याची जागा रंगवून ठेवायची, एवढंच आम्ही शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो तर दोन काठ्यांवर कावळे बसलेले. खाली कड्यात फुटकी टरफलं. तिसऱ्या घरट्याची काठी उपटून बाजूला फेकलेली होती, दगड उलटे करून चुना रेतीत दाबलेला होता. पारबताबाई मांडवात पाठ करून बसली होती. रेतीवालीची एक जोडी त्या पांढऱ्या कड्याभोवती नुसती पळत होती, थांबत होती, पुन्हा पळत होती.

"बाई," मी म्हटलं.

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिच्यापाशी ना दात हाय, ना नख हाय. दिसत नाई, एवढंच तिच्यापाशी होतं, मास्तर. तेच तुमी काढून घेतलं."

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रोज शाळेत माझ्यासाठी येणारी डांगराची फोड बंद झाली. दुसऱ्या गुरुजींना यायची, मला नाही. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण रात्री जेवण जाईना. माझ्या हातून आठ अंडी गेली होती, आणि तीही चांगुलपणाच्या तोऱ्यात. गावाचं नाव मी का सांगत नाही ते आता कळलं असेल. मी पुन्हा खूण करणार नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. मी चोरासारखा काठावरच्या बाभळीखाली उभा होतो. खाली उतरायचं धाडस होत नव्हतं. इतक्यात उतारावर तीन ट्रॅक्टर येऊन थांबले. पुढे ठेकेदाराचा सुपरवायझर, काळा चष्मा, हातात दोरी, आणि फावडी घेतलेली दोन माणसं. ते सरळ गोट्यांकडे निघाले. वाट सपाट करायला. तिसरं घरटं तिथेच होतं आणि अंडी उबत आली होती.

बाई मांडवातून बाहेर आली. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार, अंगावर धावून जाणार. तसं काहीच झालं नाही. ती लंगडत होती. सकाळी घागरी वाहताना ठणठणीत असलेली पारबताबाई उजवा पाय ओढत, कमरेला हात लावून, कण्हत, त्या तिघांच्या अगदी समोरून आडवी चालत गेली. गोट्यांच्या उलट दिशेला.

"अवं माय वं... मेलो रे बाप्पा... तुमच्या ट्रॅक्टरनं पाय गेला माझा..."

"काय झालं, मावशी?" सुपरवायझर थबकला.

"इकडं या ना बापू, दाखवतो ना..." आणि ती आणखी पुढे. तो तिच्या मागोमाग चार पावलं गेला. ती पडली. उठली. पुन्हा पाय ओढत पुढे. तो तिच्या मागे, दोन्ही माणसं फावडी टाकून त्याच्या मागे. ती घडीघडी मागे वळून बघत होती, येऊन राह्यले का नाही म्हणून. आणि गोट्यांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मी बाभळीखाली उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी आधी पाहिलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं.

असं तिनं त्यांना थेट ट्रॅक्टरांपर्यंत आणलं आणि पहिल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोर अंग टाकून दिलं.

"उठा मावशी, दवाखान्यात नेतो."

"हात नको लावू! पोलीस बोलाव. पंचनामा झाल्याबिगर मी हलत नाई." मग एकदम आवाज चढवून, "मास्तर! बाभळीखाली काय करून राह्यले? या इकडं! तुमचं अक्षर चांगलं हाय. लेहा पंचनामा. ट्रॅक्टर कुठी उभा हाय ते लेहा, झेंड्या कुठी हाय ते लेहा!"

टोली गोळा झाली. मी खिशातून पेन काढलं. पंचनामा म्हटल्याबरोबर सुपरवायझरनं चष्मा उतरवला. पाय मोडल्याची भीती त्याला नव्हतीच. झेंड्या हत्तीगोट्यापलीकडे आणि ट्रॅक्टर इथे, हे कागदावर येणं त्याला नको होतं. माझ्या दोन प्रतींतल्या अर्जानं जे झालं नाही ते एका आडव्या पडलेल्या बाईनं केलं. तो गयावया करू लागला. मावशी, चूक झाली, आम्ही वळशानं जातो.

"बोलू नको, करून दाखव. चाक फिरव."

ट्रॅक्टर एकेक करून मागे हटले, काठावर चढले आणि धुरळा उडवत गेले. शेवटच्या ट्रॅक्टरचा आवाज विरला तशी पारबताबाई उठली, लुगडं झटकलं आणि तरातरा मांडवाकडे चालू लागली.

"पाय, बाई?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"काय झालं पायाले? धारेलोक तुमालेच नेलं होतं ना तिनं, एवढ्यात विसरले?" मग वळून म्हणाली, "चला, डांगर फोडून ठेवलं हाय. आठ दिवसाचं एकदम खा."

मी खाल्लं. डोळ्यांतलं पाणी पुसत खाल्लं, त्याची मला लाज वाटत नाही.

तीन दिवसांनी पिल्लं निघाली. पिसं वाळायच्या आतच पळू लागली, कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी. मी दुर्बीण मांडवातच ठेवली. फोटोबिटो काही काढला नाही. बाईनं अडवलं नव्हतं, माझंच मन झालं नाही.

त्यानंतर पाच उन्हाळे ट्रॅक्टर वळशानं गेले. दरवर्षी कोणीतरी नवा माणूस सरळ उताराकडे बघायचा, आणि दरवर्षी पारबताबाईचा पाय मोडायचा. टोलीतल्या बाया हसायच्या, "बाईचा पाय यंदा कोन्या तारखेले हाय?" एकदा तर एकानं हात जोडून आधीच विचारलं, "मावशी, पडायच्या आधी सांगा, आमी जातो." वरच्या धरणातून एका वर्षी भर उन्हाळ्यात पाणी सुटलं, तिच्यासकट सगळ्या टोलीची वाडी गेली, रेतीवालीची अंडीही गेली. त्या दिवशी मात्र ती काठावर बसून राहिली. पाण्यापुढे लंगडून दाखवता येत नाही. पण पंधरा दिवसांनी पाणी उतरल्यावर त्याच जोडीनं पुन्हा खळगा केला, आणि हे सांगायला बाई स्वतः शाळेत आली. वर्गाच्या दारातून ओरडली, "मास्तर, तिनं पुन्हा घातले! दबली नाई!" पोरांना काहीच कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या भाद्रपदात ती गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. तिची सगळी रेती, तो शेवटचा पट्टा, गोटे, सगळं पाण्याखाली, म्हणून तिला काठावरच अग्नी दिला. मुलगी मुलचेऱ्याहून आली, जाताना घागर घेऊन गेली. मी त्या दिवशी फार रडलो. या वयात शिक्षकानं असं रडू नये म्हणतात, म्हणोत.

माघात टोलीनं पट्टे पाडले. मीही गेलो होतो. दहा हाती बांबू मोजत मोजत शेवटी गोट्यांपाशी आला. तिथे बांबू धरणारा म्हातारा म्हणाला, "हा रेतीवालीच्या शेजारनीचा," आणि त्यानं बांबू खांद्यावर घेतला. चिठ्ठी टाकलीच नाही. फाल्गुनात त्या रिकाम्या पट्ट्यात दोन जोड्या उतरल्या.

आणि चैत्रात मोटारसायकलवरून एक नवा तरुण सुपरवायझर शाळेत आला. चांगला बोलणारा, नमस्कार करणारा. म्हणाला, "सर, ती म्हातारी गेली म्हणे. तिचा पट्टा नेमका कुठला ते दाखवता का? तिकडून रस्ता घेतो, आता कोणाची हरकत नाही." मागे काठावर दोन ट्रॅक्टर उभेच होते.

मी तोंड उघडलं. सवयीनं अर्ज आठवला, त्याच्या दोन प्रती आठवल्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत हेही आठवलं. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "चला."

आम्ही नदीत उतरलो. डाव्या हाताला तो पट्टा होता, गोटे होते, आणि कुठूनतरी बारीकसं "पिऊ" ऐकू आलं. मी उजवीकडे वळलो. आणि वळता वळता माझा पाय लंगडू लागला.

"काय झालं, सर?"

"काही नाही, या तुम्ही. जरा पाय... या, या." मी पाय ओढत निघालो, हत्तीगोट्याच्या दिशेनं, लाल झेंड्यांच्या दिशेनं. रेती तापली होती. तो मागे येतोय का ते मी वळून वळून पाहत होतो. येत होता. मागून ट्रॅक्टरही येत होते. गोट्यांकडे मी एकदाही पाहिलं नाही. फार जड गेलं, पण नाही पाहिलं.

हत्तीगोट्यापाशी, झेंड्यांच्या बरोबर अलीकडे, जिथे ट्रॅक्टरनं यायलाच नको होतं तिथे, जिल्हा परिषदेचा हा शिक्षक चांगल्या पॅन्ट-शर्टासकट पहिल्या चाकासमोर रेतीत आडवा झाला. खिशात पेन होतं. तो तरुण घाबरून खाली वाकला, "सर, उठा ना, सर!"

"हात नको लावू," मी म्हटलं. "पंचनामा झाल्याबिगर मी हलत नाई."